फडताळाचं कुलूप

पत्र

ताई, नमस्कार.

मी ४६ वर्षांची आहे. माहेर कराडच्या बाजूचं, सासर सांगलीत. माझा धाकटा भाऊ ४१ वर्षांचा. त्याला एकविसाव्या वर्षापासून स्किझोफ्रेनिया आहे. वडील गेल्यानंतर काही वर्षांनी मी आईला आणि त्याला माझ्याकडेच आणलं.

आमचे वडील शिक्षक होते. गावात त्यांना मान, घरात त्यांची दहशत. माझ्यापेक्षा भावानं जास्त मार खाल्ला. पाढा चुकला की सोप्यातल्या खांबाला त्याचे हात दोरीनं बांधायचे. रात्रीचं जेवण बंद. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायची, पण कधी मध्ये पडली नाही. वडील ५४ व्या वर्षी हार्ट अटॅकनं गेले.

भाऊ ९ वर्षं या आजारावरच्या ओलान्झापिन गोळीवर आहे. आवाज ऐकू येणं जवळजवळ थांबलंय, शांत असतो. पण वजन ६१ चं ९३ किलो झालंय. गेल्या महिन्यात उपाशीपोटी साखर २१२ आली. रोज एक बंडल बिडी, चहाला गणती नाही. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसतो, तेवढंच त्याचं बाहेर जाणं. रात्री उठून डबे उघडतो. आई म्हणते हावरट झालाय. शेवटी मी फरसाण-बिस्किटांच्या फडताळाला कुलूप लावलं. बीपी बघायला पट्टा बांधला की हात हिसकावून घेतो, म्हणून ते कधी नीट बघितलंच गेलं नाही. दोन आठवड्यांपूर्वी छातीत दुखतंय म्हणाला. एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जुनी फाइल चाळली, मानसिक आहे म्हणाले आणि झोपेची गोळी दिली.

मी इंटरनेटवर वाचलं की लहानपणीच्या आघातामुळे मोठेपणी हृदयविकार आणि मधुमेह होतो. दहा प्रश्नांची एक चाचणी आहे. त्याच्या वतीनं मी भरली, सहा गुण आले. म्हणजे हे वडिलांनीच केलं का? गोळ्या बंद कराव्यात का? त्याच्याशी जुना विषय काढावा का? बिडी सोडायला तयार आहे, त्याऐवजी मावा खाईन म्हणतो. चालेल का?

ता. क. माझे पाच गुण आले. मलाही बीपीची गोळी चालू आहे.

— एक बहीण, सांगली

उत्तर

तुमचे सगळे प्रश्न बाजूला ठेवून आधी छातीचं बोलू.

हे वाचल्यावर उद्या सकाळी त्याला सिव्हिलमध्ये किंवा कुठल्याही फिजिशियनकडे न्या आणि ईसीजी काढून घ्या. एकेचाळीस वर्षांचा पुरुष, साखर २१२, रोजचं बिडीचं बंडल, पोट सुटलेलं, वडील चोपन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकनं गेलेले. अशा माणसानं छातीत दुखतंय म्हटल्यावर ईसीजी न काढता झोपेची गोळी देणं ही चूक आहे, मग फाइलवर काहीही लिहिलेलं असो. पुन्हा दुखलं, दरदरून घाम आला, धाप लागली, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे सरकलं, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. साखर असणाऱ्यांना कधी कधी छातीत फार दुखतही नाही, नुसतं गळून गेल्यासारखं होतं. स्किझोफ्रेनिया असलेल्या पुष्कळ माणसांना दुखणं कमी जाणवतं, किंवा जाणवलं तरी नेमकं सांगता येत नाही. तुमच्या भावानं आपणहून सांगितलं, याला मी फार महत्त्व देईन.

डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं ते घरूनच ठरवून जा. आपण बहुतेक जण "याला मानसिक आजार आहे" इथूनच सुरुवात करतो. एकदा ते कानावर पडलं की पुढचं सगळं त्याच चष्म्यातून बघितलं जातं. तुम्ही असं म्हणा: "वय ४१, उपाशीपोटी साखर २१२, बिडी ओढतो, वडील ५४ व्या वर्षी हार्ट अटॅकनं गेले, दोन आठवड्यांपूर्वी छातीत दुखलं." गोळ्यांची यादी त्यानंतर हातात द्या. लपवायचं काहीच नाही, फक्त क्रम बदलायचा. आणि एक गोष्ट माहीत असू द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मानसिक आजार असलेल्या माणसाला शारीरिक आजारावर इतरांसारखेच उपचार मिळायचा हक्क आहे. ते कलम डॉक्टरांच्या तोंडावर फेकू नका, त्यानं काम बिघडतं. पण "ईसीजी काढल्याशिवाय मी जाणार नाही" म्हणताना आपल्या पाठीशी काहीतरी आहे एवढं मनात असलेलं बरं.

त्या डॉक्टरांना मी सहज नावं ठेवू शकते, पण ठेवणार नाही. मी एका सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात समाजसेविका म्हणून सत्तावीस वर्षं काढली. वॉर्डात क्लोझापिन या त्याच जातीच्या औषधावर असलेला एक तरुण होता. तो चार दिवस सांगत होता, माझ्या पोटात साप बसलाय. मीच ते केसपेपरवर लिहिलं, भ्रम म्हणून. पाचव्या दिवशी एका नव्या सिस्टरनं त्याला साधा प्रश्न विचारला, "शौचाला कधी गेला होतास?" नऊ दिवस झाले होते. क्लोझापिननं बद्धकोष्ठ होतं, ते जिवावर बेतू शकतं, हे आम्हाला शिकवलेलं होतं. आतडं अडकलं होतं. ऑपरेशन झालं, पोरगा वाचला. दुखण्याला त्याच्याकडे तोच एक शब्द होता, आणि आम्ही त्या शब्दाकडेच बघत बसलो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते स्किझोफ्रेनिया, बायपोलर यांसारखा गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात. लोकांना वाटतं आत्महत्येमुळे. ती आहेच, पण बहुतेक मृत्यू हृदयविकार, मधुमेह, फुप्फुसांचे आजार, संसर्ग अशा साध्या, वेळेवर धरले तर आवरता येण्यासारख्या दुखण्यांनी होतात. ही दुखणी धरली जात नाहीत याचं एक कारण वरचा साप आहे.

आता तुमचा मोठा प्रश्न. हे वडिलांनी केलं का?

तुम्ही जी दहा प्रश्नांची चाचणी भरलीत तिचं मूळ अमेरिकेतल्या सॅन दिएगोत आहे. १९८० च्या दशकात व्हिन्सेंट फेलिटी नावाचे डॉक्टर तिथे लठ्ठपणाचा दवाखाना चालवत. त्यांच्या लक्षात आलं की ज्यांचं वजन झपाट्यानं उतरतंय तेच लोक उपचार सोडून जातायत. खोदून विचारल्यावर कळलं की त्यातल्या कित्येकांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झाले होते. वाढलेलं वजन त्यांच्यासाठी आडोसा होता. लोकांची नजर पडत नाही, सुरक्षित वाटतं. तिथून पुढे फेलिटी आणि रॉबर्ट आंडा यांनी हजारो लोकांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं आणि १९९८ साली निष्कर्ष छापले. मारहाण, अत्याचार, घरात दारू, आईला होणारी मारझोड, असे चार किंवा अधिक अनुभव असलेल्यांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण काहीच अनुभव नसलेल्यांच्या सुमारे दुप्पट निघालं. व्यसनं आणि आत्महत्येचे प्रयत्न तर त्याहून कितीतरी जास्त. आणि ही माणसं झोपडपट्टीतली नव्हती. बहुतेक नोकरदार, शिकलेली, विमा असलेली होती. गुरुजींच्या घरातली म्हणा ना.

हे शरीरात कसं उतरतं, याचा एक धागा न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात सापडतो. तिथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांचा जन्मापासून पाठपुरावा होतोय. लहानपणी ज्यांचे हाल झाले होते त्यांच्या रक्तात बत्तिसाव्या वर्षी दाह दाखवणाऱ्या खुणा जास्त सापडल्या. दाह म्हणजे जखम सुजते तसं, पण आतून, मंद आणि वर्षानुवर्षं. बापाच्या चपलांचा आवाज अंगणात वाजला की लेकराचं शरीर पळायच्या किंवा मार झेलायच्या तयारीत येतं. काळीज धडधडतं, साखर रक्तात सुटते. एखाद्या वेळी ठीक. रोज संध्याकाळी साडेपाचला होऊ लागलं की शरीराला तीच सवय लागते. पुढे रक्तवाहिन्या आणि साखर सांभाळणारी यंत्रणा त्याची किंमत मोजतात.

मानसिक आजाराचंही तसंच. २०१२ मध्ये कितीतरी अभ्यास एकत्र करून बघितलं गेलं, तेव्हा बालपणी असे हाल सोसलेल्यांमध्ये सायकोसिसची, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या आजारांची, शक्यता सुमारे पावणेतीन पट निघाली.

मग "हो, वडिलांनीच केलं" असं मी म्हणावं का? नाही म्हणता येत. मार खाल्लेल्या बहुतेक मुलांना स्किझोफ्रेनिया होत नाही. आणि अतिशय मायेच्या घरांतली मुलंही मी या आजारानं कोसळताना बघितली आहेत. आनुवंशिकता आहे, इतरही बरंच आहे. तुमच्या भावाच्या बाबतीत त्या दोरीचा वाटा किती, रक्ताचा किती, गोळीचा किती, बिडीचा किती, याचा हिशेब कुणालाही मांडता येणार नाही. ते सहा गुण तर विसरूनच जा. ती चाचणी लोकसंख्येच्या अभ्यासासाठी होती. एकट्या माणसाचं भविष्य त्या आकड्यावरून सांगू नका, असं खुद्द आंडांनीच २०२० मध्ये लिहिलंय. किती वेळा, किती वर्षं, कुणी जवळ घेणारं होतं का, यातलं ती काही विचारत नाही. शिवाय दुसऱ्याच्या वतीनं ती भरायची नसते, हे तुम्हालाही भरताना जाणवलं असेल.

वडिलांनी जे केलं ते वाईट होतं. हे म्हणायला मधुमेहाचा पुरावा लागत नाही. तो धडधाकट राहिला असता तरी ते वाईटच होतं.

गोळ्या बंद करू नका. अजिबात नाही. ओलान्झापिननं वजन आणि साखर वाढते, हे खरं आहे. या जातीच्या औषधांत त्या बाबतीत ते आणि क्लोझापिन सगळ्यात पुढे. पण फिनलंडमध्ये स्किझोफ्रेनियाच्या ६६ हजारांहून अधिक रुग्णांचा ११ वर्षं मागोवा घेतला तेव्हा दिसलं की गोळ्या अजिबात न घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण घेणाऱ्यांपेक्षा जास्त होतं. आवाज परत आले की झोप जाते, जेवण जातं, साखरेची गोळी कोण वेळेवर घेणार? म्हणून प्रश्न असा विचारायचा. त्याच्या मनोविकारतज्ज्ञांना सांगा: "नऊ वर्षांत ३२ किलो वाढलं, साखर २१२ आहे. डोस कमी होईल का? कमी वजन वाढवणारं औषध, अॅरिपिप्राझोलसारखं, याला चालेल का? मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी जोडायची का?" तिन्हींचं उत्तर 'नाही' असं आलं तरी चालेल, पण ते विचार करून आलेलं हवं. औषध बदलताना आजार उसळायचा धोका असतो, त्यामुळे नऊ वर्षं शांत असलेल्या माणसाचं औषध बदलायला डॉक्टर बिचकले तर त्यांना घाबरट समजू नका.

आणि एक शंभर पानी वही घाला. त्यात दर महिन्याला वजन आणि शिंप्याच्या टेपनं बेंबीजवळचा घेर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरच्या वर गेलं की धोका धरतात, बायकांसाठी ८०. बीपी, उपाशीपोटी साखर, तीन महिन्यांची साखर, चरबी, किडनी. अशी औषधं सुरू करताना आणि पुढे ठरावीक काळानं हे सगळं बघायचं असतं. अमेरिकेतल्या मधुमेह आणि मनोविकार संघटनांनी २००४ मध्येच एकत्र बसून त्याचं वेळापत्रक केलंय. आपल्या ओपीडीत एका डॉक्टरसमोर शंभर पेशंट उभे असतात. तिथे टेप कोण काढणार? ती तुमच्या घरात आहे.

आता ते कुलूप.

तुमच्या पत्रातली ती एक ओळ मी तीनदा वाचली. कुलूप लावल्यावर तो काय म्हणाला, ते तुम्ही लिहिलं नाहीत. बहुधा काहीच म्हणाला नसेल.

ज्या मुलाचं शिक्षा म्हणून जेवण बंद केलं जायचं, तो आज एकेचाळीस वर्षांचा होऊन कुलपासमोर उभा आहे. तुम्ही काळजीपोटी लावलंत, वडिलांनी रागापोटी लावलं असतं, हा फरक तुम्हाला आणि मला कळतो. रात्री दोन वाजता, पोटात आग पडलेली असताना, तो त्याला कळेलच असं नाही. आणि ती आग खोटी नाही. ओलान्झापिन मेंदूत ज्या जागांवर बसतं त्यातल्या काही भूक आणि तृप्ती ठरवणाऱ्या आहेत. पोट भरलं हा निरोपच वर पोचत नाही. आईंना सांगा, त्याला हावरट म्हणू नका. तापानं फणफणलेल्या माणसाला आपण कांगावखोर म्हणत नाही.

कुलूप काढा. आणि फरसाण घरात आणूच नका. कुणासाठीच नाही. बाकी कुणाला हवं असेल तर त्यांनी बाहेर खाऊन यावं. घरात नसलेल्या वस्तूला कुलूप लागत नाही, आणि "तुला नाही, आम्हाला आहे" हा प्रकार संपतो. त्या फडताळात फुटाणे, काकडी, ताकाचं भांडं झाकून ठेवा, एखादी ज्वारीची भाकरी उरवून ठेवा. रात्री उठला तर सापडू दे. रात्रीच्या भुकेत हाताला काय लागतं, एवढंच आपल्या हातात आहे. चहा तोडू नका, साखर निम्मी करा, मग आणखी निम्मी. तोंड कोरडं पडत असेल म्हणूनही तो चहा मागत असेल. पाण्याचा तांब्या त्याच्या उशाशी ठेवून बघा.

मी हे इतकं लांबवून सांगतेय कारण बालपण आणि शरीर यांचा संबंध आपण नेहमी मागे शोधतो, कोर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक आणि काय काय. तो संबंध आजच्या संध्याकाळीही घडत असतो. "किती ओढतोस", "पुन्हा खाल्लंस", "लाज वाटते का" हा आवाज घरात लागला की त्याचं शरीर पुन्हा त्या सोप्यात जातं. आणि तिथून सुटायला त्याच्याकडे दोनच गोष्टी आहेत, बिडी आणि डबा.

बीपीच्या पट्ट्याचं तर तुम्हीच उत्तर लिहिलंय, फक्त दोन वाक्यं लांब लांब पडली आहेत. ज्याचे हात खांबाला बांधले जायचे, त्याच्या दंडाला कुणीतरी पट्टा आवळतं. तो हात हिसकावणारच. त्याला हट्टी ठरवून आपण त्याचं बीपी वर्षानुवर्षं मोजत नाही, आणि मग एक दिवस पक्षाघात होतो. बाजारात दंडाला लावायचं बटणाचं यंत्र मिळतं. ते त्याच्या हातात द्या. पट्टा त्यानं स्वतः गुंडाळायचा, बटण त्यानं दाबायचं, नको वाटलं तर त्यानंच काढायचं. आकडा वहीत त्यानंच लिहायचा. पहिले चार दिवस नुसता पट्टा हातात धरून बसला तरी चालेल. रक्त काढणाऱ्यालाही, दातांच्या डॉक्टरलाही आधी सांगा की हात लावण्यापूर्वी त्याला सांगा, मागून येऊ नका. कारण द्यायची गरज नाही.

मावा. याचं उत्तर जरा तांत्रिक आहे, पण तुमच्या सगळ्या पत्रात कदाचित हीच गोष्ट कुणी तुम्हाला सांगितली नसेल. बिडीच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत ओलान्झापिन लवकर लवकर संपवतं. म्हणजे आज त्याला जो डोस लागतो, तो धुरासकट लागतो. क्लोझापिनचंही तसंच, आणि ते जास्तच जपावं लागतं. धूर एकदम बंद झाला की आठवडाभरात तोच डोस रक्तात जास्त साठायला लागतो. गुंगी, चक्कर, बीपी खाली जाणं असं होऊ शकतं. हे धुरामुळे होतं, निकोटिनमुळे नाही. म्हणून मावा, तंबाखू-चुना, मिश्री यांनी यकृतावर तो परिणाम होत नाही. बिडी सोडून माव्यावर गेला तर औषधाच्या दृष्टीनं त्यानं बिडी सोडल्यासारखंच आहे. आणि तोंडाचा कॅन्सर वर फुकट.

तेव्हा बिडी सोडायची म्हणतोय तर फार चांगलं, पण आधी मनोविकारतज्ज्ञांना तारीख सांगा. ते डोस बघतील, कदाचित सोडल्यामुळे कमीच करता येईल. म्हणजे धुराबरोबर वजनाचंही थोडं भलं. निकोटिनचे च्युइंग गम त्यांना विचारून. तंबाखू सोडण्याची सरकारी मोफत सेवा आहे, १८००-११-२३५६. आणि घाटावरची संध्याकाळ बंद पाडू नका. बिडीसाठी जातो म्हणून तुम्ही ती तोडायला निघाल, पण त्याच्या दिवसातली ती एकच जागा अशी आहे जिथे त्याला कुणी काही बोलत नाही. तुमच्यापैकी कुणीतरी कधीमधी सोबत जा, आयर्विन पुलापर्यंत चालत. न बोलता चाललं तरी चालतं.

जुना विषय काढावा का? तुम्ही काढू नका. दार उघडं ठेवा. माझ्या ओपीडीत सत्तावीस वर्षांत "ट्रॉमा" हा शब्द कुणाही नातेवाइकाच्या तोंडून मी ऐकला नाही. लोक म्हणायचे, "वडील जरा कडक होते." त्या "जरा"त काय काय मावायचं ते मी नंतर शिकले. त्यानं एखाद्या वेळी काही काढलं, अगदी असंबद्ध वाटलं तरी, तर "झालं ते मी बघितलंय, तुझी चूक नव्हती" एवढं म्हणा. तुम्ही साक्षीदार आहात. हे वाक्य जगात दुसरं कुणी त्याला म्हणू शकत नाही. उलटतपासणी नको, तारखा नकोत, "मग तेव्हा काय वाटलं" नको.

पण त्याच्या डॉक्टरांना हे माहीत आहे का? वीस वर्षांच्या केसपेपरवर ती दोरी कुठे लिहिलेली आहे का? बहुतेक नसेल, कारण आम्ही विचारत नाही. त्याला विचारून, त्याच्यासमोर, तुम्ही सांगा. आघातावरचे उपचार सायकोसिस असलेल्या माणसाला झेपणार नाहीत अशी जुनी भीती होती. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या १५५ रुग्णांचा अभ्यास छापून आला, त्यात ज्यांना हे उपचार मिळाले त्यांना फायदा झाला आणि आजार बिघडला नाही. पण त्यासाठी शिकलेला माणूस लागतो. तो सांगलीत मिळेल का, हे तज्ज्ञांनाच विचारा. अर्धवट कोर्स केलेल्या समुपदेशकाकडे नेऊन बालपण उकरू नका. आधी साखर, छाती आणि झोप ताळ्यावर येऊ द्या. मधल्या काळात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक आहे, मराठीतून बोलता येतं, नातेवाइकांनाही. पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन कुटुंबांसाठी आधारगट चालवते. तिथे पहिल्यांदा बोललेल्या कितीतरी बहिणी मी बघितल्या आहेत.

आईबद्दल दोन शब्द. तुमच्या पत्रात वडिलांपेक्षा आईवरचा राग ताजा आहे. तो असू दे, तुमचा आहे. फक्त भावाच्या आजाराचं कारण म्हणून तिला उभी करू नका. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमान या नामवंत मनोविश्लेषक बाईंनी स्किझोफ्रेनिया "घडवणाऱ्या" आईची कल्पना मांडली होती. पुढे ती साफ खोटी ठरली. पण तोवर कितीतरी बायका मुलाला आपणच वेडं केलं असं मानून जगल्या. तुमची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी असायची, तेव्हा त्या दाराच्या आतही तीच दहशत होती. तिचं बीपी, तिची साखर शेवटची कधी बघितली?

आणि आता ता. क.

सगळं पत्र भावाबद्दल, आणि स्वतःबद्दल दोन ओळी, त्याही सहीच्या अलीकडे कशाबशा. तुमचे पाच गुणही मी खोडून टाकते, पण बीपीची गोळी खोडता येत नाही. त्याच सोप्यात तुम्हीही होतात. तुम्हाला बांधलं नाही, म्हणून काही झालं नाही असं तुम्ही धरून चालला आहात. पण खांबाला कोण बांधलेलं होतं आणि कोण बघत होतं, हे दहशतीत वाढलेल्या शरीराला असं वेगळं करता येतंच असं नाही. मोठी बहीण म्हणून तुम्ही संध्याकाळी साडेपाचला कान देऊन बसत असाल. आज रात्री त्याच्या डब्यांच्या आवाजाला कान देऊन बसता. मला वाटतं तुमची झोप तीस वर्षांत सलग झालेली नाही. चुकत असेन तर कळवा.

सेहेचाळीस वर्षं, बीपी, वडील चोपन्नाव्या वर्षी गेलेले. भावाला सिव्हिलला नेताना तुमचाही केसपेपर काढा. ईसीजी, साखर, चरबी, कंबर. रांगेत उभं राहायचंच आहे. वही शंभर पानी घ्या म्हटलं ते त्यासाठीच, डावीकडचं पान त्याचं, उजवीकडचं तुमचं. महिन्यानं मला दोन्हीकडचे आकडे लिहून पाठवा.